डॉल्फिनच्या पोटाखाली: फायबर बॉडीला खडीपासून वाचवण्याच्या नोंदी

गाडी सिपानी डॉल्फिन, १९८४ची. बंगळूरला बनलेली, पण मूळ घडण इंग्लंडच्या रिलायंट किटनची. दोन दारं, ८४८ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, मागे पाटे, खाली लोखंडी चेसिस आणि त्यावर सगळी बॉडी फायबरग्लासची. मामांनी कोल्हापुरात वापरली, तीन वर्षांपूर्वी मला दिली. तेव्हापासून ती रत्नागिरीत आहे. इथली खारी हवा, महामार्गावरची सुटी खडी आणि गावातले जांभ्याचे रस्ते तिच्या पोटाला सोसत नाहीत, म्हणून हे काम काढलं. फायबरच्या गाडीचं खालून काय करायचं हे मला नीट सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून चुकांसकट लिहून ठेवतो आहे.

१३ जानेवारी २०२४

मागच्या डाव्या मडगार्डवर, बाहेरच्या रंगात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या तीन चिरा. बाहेरून कुणीतरी ठोकलं असेल असं महिनाभर वाटत होतं. आज चाक काढून आतून हात घातला, तर प्रत्येक जाळ्याच्या बरोबर मागे बोटाला खळगा लागला. चाकानं उडवलेली खडी आतून आपटते. पत्रा असता तर पोचा आला असता. फायबर लवतं आणि परत जागेवर येतं, पण बाहेरचा कडक जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रेझिनचा गुळगुळीत थर, लवत नाही, तो तडकतो. म्हणजे बाहेरून लांबी भरून रंग मारला तर पुढच्या पावसात चिर पुन्हा तिथेच येणार.

गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली. जॅक फक्त चेसिसला. दोन वर्षांपूर्वी एका पंक्चरवाल्यानं दाराखालच्या काठाला जॅक लावला होता, तिथे वीतभर चीर आहे. फायबर गाडीचं वजन झेलत नाही. जॅक लावण्याच्या चारही जागा चेसिसवर पिवळ्या रंगानं दाखवून ठेवल्या आहेत, दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी गेली तर उपयोगी पडतील.

१४ जानेवारी

पोटाखाली सगळीकडे काळं डांबरी अंडरकोटिंग. कधीतरी पूर्वी मारलेलं, काही ठिकाणी पाच-सहा मिलिमीटर जाड. वरून एकदम भक्कम दिसतं. पाच रुपयांच्या नाण्यानं ठोकत गेलो. चांगल्या जागी ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो, आतून सुटलेल्या जागी ‘भद्’. भद् आलं तिथे पांढऱ्या खडूनं गोल करत गेलो. दोन तासांनी खालून बाहेर आलो तेव्हा सतरा गोल झाले होते. डांबर नसतं तर यातले अर्धे तरी वर्षांपूर्वीच दिसले असते.

ठरलं: डांबर पूर्ण काढायचं.

२० ते २८ जानेवारी

या नोंदीत माझी सगळ्यात महाग चूक आहे.

हीट गन लावली. डांबर मऊ होऊन पटापट निघत होतं, म्हणून हुरूप आला आणि एकाच जागी जास्त वेळ धरली. गोडसर, डोळ्यांना झोंबणारा वास आला. डांबराखाली तळहाताएवढा भाग पांढरा पडला आणि फुगला. फायबरचे धागे धरून ठेवणारं पॉलिस्टर रेझिन शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं, गनची हवा तीनशेच्या वर असते. थर एकमेकांपासून सुटले. सतराचे अठरा गोल झाले, आणि हा अठरावा माझा.

मग ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पाहिला. डांबर वितळून पसरतं आणि तारा फायबरचे धागे उपसून काढतात. पाच मिनिटांत बंद केला.

पेट्रोलनं पुसा, असं दोघातिघांनी सुचवलं. गाडीखाली झोपून, बंद जागेत, पेट्रोल मी वापरणार नव्हतो. तुम्हीही वापरू नका.

शेवटी सुचलं ते बंदरावर. मासळीसाठीचा बर्फ घेतला, तीन किलो बर्फाला एक किलो जाडं मीठ, कुल्फीवाले करतात तसं. दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून फळीवर ठेवलं आणि खालून जॅकनं हलकेच डांबराला टेकवलं. दहा-बारा मिनिटांत डांबर काचेसारखं कडक होतं. मग बोथट पटाशीनं, आडवी धरून टकटक केलं की खपल्या उडतात. जाड थर याच रीतीनं सगळा निघाला. एक पिशवी फुटली आणि मिठाचं पाणी चेसिसवर गेलं, ते लगेच नळाच्या पाण्यानं धुतलं.

उरलेला पातळ काळा लेप टर्पेंटाइननं भिजवलेल्या फडक्यानं पुसला. ओतायचं नाही. उघड्या पडलेल्या धाग्यांत टर्पेंटाइन शिरलं तर डांबरही सोबत आत नेतं, आणि मग त्यावर रेझिन धरत नाही. नऊ दिवस, रोज संध्याकाळचे तीन तास. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात खपल्या भरल्या, डबा काठोकाठ.

३ फेब्रुवारी

डांबराखालचं पोट पहिल्यांदा पाहिलं.

मागच्या डाव्या चाकावर धागे म्हाताऱ्याच्या केसांसारखे पांढरे, मोकळे. दाबलं की ओल बोटाला लागते, आणि पाऊस जाऊन चार महिने झाले आहेत. फायबर गंजत नाही हे खरं, पण वरची रेझिनची कातडी फुटली की पाणी धाग्यांमधून वातीसारखं चढत जातं. वर डांबर असल्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट नव्हती.

दुसरं, चेसिसपासून बाहेर निघालेले आडवे हात, ज्यांवर बॉडी टेकते. त्यांतले दोन गंजून फुगले आहेत आणि फुगलेल्या गंजानं वरचं फायबर उचललं आहे. समोरच्या सीटखाली जी लांब चीर मला खडीची वाटत होती, ती गंजानं खालून ढकलून पडलेली निघाली.

१० फेब्रुवारी

मिरकरवाड्यात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांना गाडी दाखवायला घरी आणलं. ते खाली झोपले, टॉर्च फिरवला, नखानं दोन ठिकाणी खरवडलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “गोड्या पाण्यानं धुतलीत का?” मी म्हटलं, टर्पेंटाइननं पुसली. “ते वरचं झालं. आत मीठ बसलंय. मीठ आहे तोवर ते हवेतलं पाणी ओढत राहणार. आधी धुवा, चार-पाच वेळा धुवा, मग वाळवा. घाई केलीत तर माझी मजुरी फुकट जाईल आणि तुमची गाडी.”

एक अटही घातली. १ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढल्या जातात आणि दोन महिने त्यांना मान वर करायला सवड नसते. तेव्हा लॅमिनेशन, म्हणजे फायबरचे नवे थर चढवणं, एप्रिलअखेर संपायला हवं.

११ फेब्रुवारी ते ९ मार्च

धुणं आणि वाळवणं. पाच वेळा धुतली. मग दोनशे वॉटचे दोन बल्ब, दीड फूट लांब, आणि टेबल फॅन. ओल गेली का हे पाहायला पारदर्शक प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून धुकं धरलं असेल तर अजून ओल आहे. फ्लोअर बारा दिवसांत कोरडा झाला. डाव्या चाकावरचा भाग सव्वीस दिवसांनी.

या काळात हात बांधून बसलो नाही. बॉडीचे बोल्ट सोडवायला घेतले. दहांपैकी सात सुटले, दोन कापावे लागले. दहावा नुसता जागेवर फिरत राहिला, कारण त्याचा नट फायबरच्या आत बसवलेला होता आणि तो सुटला होता. तिथे फायबर कापून नट बाहेर काढला. त्याच्या जागी ३ मिलिमीटर स्टेनलेसची हाताएवढी पट्टी, तिलाच नट वेल्ड करून, आतून बसवून घेतली. एका बोल्टला दीड दिवस.

१६ मार्च

बॉडी ४० मिलिमीटर वर उचलली. लाकडी पाचरी, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी करून. स्टिअरिंग, ब्रेकचे पाइप, क्लचची केबल आणि पेट्रोलचा पाइप आधी ढिले करायला विसरू नका. मी ब्रेकचा एक पाइप विसरलो होतो, वाकला, तो बदलावा लागला.

फॅब्रिकेटरनं दोन्ही गंजलेले हात कापून नवे लावले. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी काढून अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवली. मधे ओलं गोणपाट, पाण्याची बादली आणि मी स्वतः नळी धरून उभा. दोनदा ठिणगी गोणपाटावर पडली. ४० मिलिमीटरची फट नसती तर तिथे वेल्डिंग करता आलं नसतं.

पुढचे दहा दिवस शिमग्याचे. फॅब्रिकेटर गावी गेला, चेसिसला लावायचा प्रायमर लांबला. लोखंड उघडं होतं आणि आमची हवा खारी, तेव्हा त्यावर तेलाचा हात फिरवून ठेवला. नंतर ते तेल पूर्ण पुसायला एक सकाळ गेली.

३० मार्च

चेसिसला इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. चेसिसच्या पोकळ पेटीच्या आत लांब नळीनं मेण फवारलं. त्याआधी खालची पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी केली. चारपैकी तीन डांबरानं बंद होती.

बॉडी आणि चेसिसमधल्या गाद्या कन्व्हेयर बेल्टच्या जुन्या रबरातून कापल्या. मूळच्या गाद्यांचा चुरा हातात आला.

६ ते १४ एप्रिल: लॅमिनेशन

सुटलेला भाग ग्राइंडरनं उतार देत खरवडायचा. काकांचं माप असं, की जाडी एक मिलिमीटर असेल तर उतार बारा मिलिमीटर. आमचं फायबर साधारण ४ मिलिमीटर, म्हणजे चिरेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर. मला हे फारच मोठं वाटलं, एवढ्याशा चिरेसाठी एवढा खड्डा कशाला. पण नवं रेझिन जुन्याला रसायनानं नाही, पकडीनं धरतं, आणि पकडीला जागा लागते.

धूळ भयंकर. पूर्ण बाह्या, मनगटाला चिकटपट्टी, मास्क, चष्मा. नंतर अंघोळ आधी गार पाण्यानं. गरम पाण्यानं केली त्या रात्री मी झोपू शकलो नाही.

रेझिन आयसोफ्थॅलिक घेतलं, साध्यापेक्षा महाग पण पाण्याला जास्त टिकतं. मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर, ४५० ग्रॅमची. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट (धरायला वेग देणारं) पूर्ण ढवळून घ्यायचं, मग हार्डनर (रेझिन कडक करणारा). कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. काका दोन बाटल्या शेजारी ठेवूही देत नाहीत, एक ओट्यावर, दुसरी अंगणात.

पहिल्या दिवशी मी एकटा होतो. मॅट वर धरून ब्रशनं रेझिन लावायला गेलो, तर ओली मॅट जड होऊन तोंडावर पडली. दोनदा. तिसऱ्या खेपेला लवकर धरावं म्हणून हार्डनर दुप्पट घातला. सहा मिनिटांत डबा हातात धरवेना इतका गरम, धूर, आणि आतलं अर्धा किलो रेझिन दगड. सातशे रुपये आणि एक रविवार.

काकांनी दुसऱ्या दिवशी दाखवलं. जमिनीवर प्लॅस्टिक पसरायचं, त्यावर मॅट पूर्ण भिजवायची, दोन मिनिटं थांबायचं म्हणजे ती कापडासारखी मऊ होते. मग प्लॅस्टिकसकट उचलून, पोटीस बांधतात तशी खालून चिकटवायची आणि मधून कडेकडे रोलर फिरवायचा. हवेचा बुडबुडा पांढरा दिसतो, तो कडेपर्यंत हाकलत न्यायचा. प्लॅस्टिक धरेपर्यंत काढायचं नाही. किलोला १२ मिलिलिटर हार्डनर, पंचवीस मिनिटं हाताशी. अठरा जागा, प्रत्येकी तीन थर, चाकांवर चार.

१८ एप्रिल

सगळ्यावर जेलकोटचा एक हात मारला. दुसऱ्या दिवशी चिकट. तिसऱ्या दिवशीही चिकट, आणि अंगणातली लाल धूळ त्यावर बसून बसून पृष्ठभाग सुकटीसारखा खरखरीत. हार्डनर कमी पडला असं समजून मी वर अजून एक हात मारणार होतो, नशिबानं आधी फोन केला. साधा जेलकोट साच्यात वापरायचा असतो. हवा लागते ती बाजू चिकटच राहते. उघड्यावर मारायचा तर त्यात मेण मिसळलेलं लागतं, ते वर येऊन हवा तोडतं. दुकानात हे मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ॲसिटोननं पुसून, घासून, मेण घालून पुन्हा मारला. चार दिवस.

रंगाबद्दल. अंडरकोटिंग म्हटलं की काळं, अशी सवय आहे. मी फिकट राखाडी घेतला. काळ्यावर ओरखडा दिसत नाही. राखाडीवर खडीचा घाव पांढरा-हिरवट चमकतो आणि चीर केसाएवढी असली तरी टॉर्चमध्ये सापडते. या गाडीला मला पुन्हा कधी काहीही झाकून ठेवायचं नाही.

जाड रबरी कोटिंग फ्लोअरला अजिबात लावलं नाही. फक्त चारही चाकांवरच्या भागात, प्रायमरवर, पातळ दोन हात.

२७ एप्रिल ते ५ मे: चाकांवरचे लायनर

एवढं सगळं करूनही खडी आपटणार ती फायबरवरच, कोटिंगनं तिचा जोर फार तर थोडा कमी होतो. मधे काहीतरी सुटं, लवणारं हवं, जे मार खाईल आणि बदलता येईल. तेच लायनर.

एचडीपीईचा, म्हणजे चिवट प्लॅस्टिकचा, सपाट पत्रा वाकवून बसवायचा प्रयत्न केला, तो परत सरळ होतो आणि बोल्ट ओढतो. मग गोठ्याशेजारी उभा असलेला निळा पिंप दिसला. दोनशे लिटरचा, एचडीपीईचाच, साडेतीन मिलिमीटर जाड, आणि त्याची गोलाई या लहान चाकांच्या मडगार्डला जवळजवळ नेमकी. नऊशे रुपयांना भंगारवाल्याकडून आणला. एका पिंपातून चार लायनर निघायला हवे होते. मी उभे कापायचे ते आडवे कापले, त्यामुळे दुसरा पिंप. कापायच्या आधी पिंपात काय होतं ते विचारा, आणि धुवा.

बसवताना आधी पॉप रिव्हेट मारले. रिव्हेट फुगतो तेव्हा फायबरचं भोक आतून फाडतो, दोन ठिकाणी चीर गेली. ते सगळे काढले. आता सहा मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट, भोक आठचं, भोकाच्या काठाला रेझिन लावून बंद केलेलं (नाहीतर पाणी तिथूनच धाग्यांत शिरेल), दोन्ही बाजूंना मोठे वॉशर, मधे रबर. खालची दोन टोकं फायबरला नाहीत, चेसिसला लावलेल्या पट्टीवर. लायनर आणि मडगार्डमधे १२ मिलिमीटर फट. प्लॅस्टिक उन्हात वाढतं, पाऊण मीटरच्या लायनरला तीन-चार मिलिमीटर धरा, म्हणून त्याची भोकं लांबट ठेवली.

पुढच्या चाकांमागे रबरी फ्लॅप. बेल्टच्या सहा मिलिमीटर रबराचा केला तो फार ताठ, गतिरोधकाला अडकून पट्टीच वाकली. आता चार मिलिमीटरचा, जमिनीपासून चार बोटं वर.

११ मे

सगळं जोडून किल्ली फिरवली. मागचा इंडिकेटर लावला की ब्रेकलाइट मिणमिणतो आणि पेट्रोलचा काटा नाचतो. चार तास वायरिंग तपासलं. दोष माझ्या प्रायमरचा. फायबरच्या गाडीत बॉडीतून अर्थ मिळत नाही, प्रत्येक दिव्याची अर्थ वायर चेसिसला येते, आणि ती टेकते तिथे मी मन लावून दोन हात इपॉक्सी मारलं होतं. तीन जागा घासून लोखंड उघडं केलं, वायर घट्ट केली, वर ग्रीस. रंगाआधी या जागांना चिकटपट्टी लावा.

१८ मे

साखरपा, आंबा घाट, कोल्हापूर आणि परत. इंजिनखाली ॲल्युमिनियमची तीन मिलिमीटरची पाटी लावली होती, चेसिसला चार बोल्टवर. घाटात तापमानाचा काटा कधी जात नाही तिथे गेला. थांबलो, बॉनेट उघडं ठेवून अर्धा तास. हे इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, तापलं तर हेड वाकतं, तिथे धोका पत्करण्यात अर्थ नाही. पाटी तिथेच, घाटात, काढून डिकीत टाकली. घरी येऊन तिच्या मागच्या अर्ध्या भागात हवा निघायला सहा लांब खाचा पाडल्या आणि पुढची कड खाली झुकवली. पुढच्या शनिवारी पुन्हा आंबा घाट चढलो, काटा जागेवर.

मागच्या उजव्या लायनरची कड सायलेन्सरच्या पाइपाजवळ मऊ पडली होती. तीन बोटं कापली आणि मधे पत्र्याची आडवी ढाल.

३० मे: खर्च

रेझिन, मॅट, हार्डनर वगैरे ३,९००. डांबर काढायचं सामान, मास्क, हातमोजे २,६००. फॅब्रिकेटर ६,५००. काकांची पाच दिवसांची मजुरी ६,०००. प्रायमर २,४००. चाकांवरचं कोटिंग १,९५०. इंजिनची पाटी २,२००. दोन पिंप १,८००. स्टेनलेस बोल्ट-वॉशर १,३५०. मेण १,१००. रबर ८००. एकूण ३०,६०० रुपये. वेळ वहीत मांडत गेलो तो १४३ तास, त्यातले चाळीसेक माझ्या चुका निस्तरण्याचे.

१४ जुलै

पावसात साडेआठशे किलोमीटर झाले. गाडी वर घेतली. डावा मागचा लायनर सोडवला तर वरच्या खोबणीत लाल चिखल गच्च बसलेला, तव्यावरच्या भाकरीसारखा दाबून. काढून तोलला, सव्वा किलो. खालची फट १२ मिलिमीटरच होती, चिखल तिथे अडून वर साचत गेला. चारही लायनर खालून २५ मिलिमीटर मोकळे केले आणि वरच्या बाजूला पाण्याची नळी जाईल एवढं भोक पाडलं. आता दर पंधरा दिवसांनी तिथून धुतो, चाक न काढता, पाच मिनिटांत.

लायनरवर खडीचे घाव मोजले, डाव्या बाजूला एकतीस. त्यामागच्या राखाडीवर एकही नाही.

१८ ऑगस्ट

नाणं घेऊन पुन्हा खाली झोपलो. सगळीकडे टक्. एका जागी, डाव्या सीटखाली, नव्या पट्टीच्या कडेला, आवाज किंचित बसका वाटला. मुलाला वर बसवून पुन्हा ठोकलं, तोच आवाज. खडूनं गोल करून शेजारी तारीख लिहिली आहे. फ्लोअरच्या पुढच्या कडेला खडीचे दोन पांढरे घाव होते. सुकलेल्या दिवसाची वाट पाहून, घासून, वर मेणाचा जेलकोट लावायचा आहे. तोवर त्यांवर चिकटपट्टी. बाहेरच्या मडगार्डच्या तीन चिरा तशाच ठेवल्या आहेत, त्यांच्या टोकांना पेन्सिलनं खूण केली आहे. दिवाळीपर्यंत त्या खुणेपुढे सरकल्या नाहीत तर रंगाचं काम काढेन.

डिकीत कापलेल्या पिंपाचा एक जादा लायनर ठेवला आहे.